आरएक्स १००: नवीन बांधलेलं इंजिन ६४० किलोमीटरवर घाटात जाम. ब्लॉक पुन्हा बोअर करण्याआधी आत काय बिघडलंय ते कसं ओळखू?

आलेवाला_मसूर

नमस्कार. लांबलचक लिहितोय, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरही अर्धवटच मिळणार, म्हणून सगळं सांगतो.

गाडी यामाहा आरएक्स १००, टू-स्ट्रोक, १९९४ ची. वडील उंब्रजच्या शाळेत शिक्षक होते. मसूरहून रोज याच गाडीने जायचे. आता ते ७१ वर्षांचे आहेत, गुडघ्यांमुळे किक मारता येत नाही, पण गाडी विकायचं नाव काढू देत नाहीत. मलाही विकायची नाही. दोन वर्षं गोठ्याच्या कडेला ताडपत्रीखाली उभी होती. यंदा आल्याचे पैसे हातात आले तेव्हा ठरवलं, इंजिन पूर्ण बांधून घ्यायचं.

ब्लॉक ०.५० ला बोअर केला, म्हणजे सिलिंडर मूळ मापापेक्षा अर्धा मिलिमीटर मोठा केला. नवीन पिस्टन-रिंगा, कनेक्टिंग रॉडचं किट, क्रँकची दोन्ही बेअरिंगं, दोन्ही ऑइल सील टाकली. रॉड दाबायला क्रँक बाहेर लेथवर गेला होता. सगळे मिळून १४,२०० रुपये झाले.

पहिले ३०० किलोमीटर चाळीसच्या वर नेली नाही. ऑइल पंपावर एकदम भरवसा नको म्हणून पहिल्या दोन टाक्यांना पेट्रोलमध्येही लिटरला २० मिली टू-टी (टू-स्ट्रोकचं ऑइल) घातलं. तरी काही गोष्टी पहिल्यापासून खटकत होत्या. अॅक्सिलरेटर सोडला की इंजिन लगेच खाली यायचं नाही, तीन-चार सेकंद वरच रेंगाळायचं. गरम झाल्यावर स्लो (उभ्या गाडीची किमान रेस) एकदा वर, एकदा खाली. धूर पांढरा, आणि गाडी तापली तरी कमी होत नव्हता.

गेल्या आठवड्यात बहिणीकडे चिपळूणला गेलो होतो. येताना पोफळी सोडून कुंभार्लीच्या चढाला लागलो, तिसऱ्या गिअरला होतो. आधी टिंग-टिंग असा आवाज, मग ताकद गेली, आणि मागचं चाक क्षणभर धरल्यासारखं झालं. क्लच दाबला, कडेला घेतली. अर्धा तास थांबलो. किक हलकी लागली, गाडी सुरू झाली. हेळवाकपर्यंत रांगत आलो, पुढे टेम्पोत घालून घरी आणली.

आता सुरू केली तर थंड असताना खालच्या रेसला कड-कड असा आवाज येतो आणि वर नेली की बारीक घुर्र अशी शिटी. वडील ओट्यावर बसून ऐकत होते. म्हणाले, "हा माझ्या गाडीचा आवाज नाही."

मेस्त्री म्हणतात, पिस्टन नवीन होतं, घट्ट बसलं होतं, म्हणून पकडलं. ०.७५ चं पिस्टन टाकू, विषय संपला. माणूस वाईट नाही, पण मला हे पटत नाही. पुन्हा बोअर केलं आणि पुन्हा पकडलं तर? मला जाणून घ्यायचंय की उघडण्याआधी आणि उघडताना, कोणत्या क्रमाने, काय बघितलं म्हणजे खरा दोष सापडेल. रॉड गेला असेल का, ही मोठी भीती आहे.

उद्यमनगर_लेथ

दादा, पहिलं काम, गाडी परत सुरू करू नका. आवाज ऐकायला म्हणून पाच-पाच वेळा किक मारतात आणि जे वाचलेलं असतंय तेपण घालवतात.

मी कोल्हापुरात बोअरिंग मशीनवर ३१ वर्षं काढली. हजारभर आरएक्सचे ब्लॉक हाताखालून गेले असतील. तुमच्या लिहिण्यात मला पिस्टनचा दोष नंतर दिसतोय, हवेचा आधी दिसतोय. बघा कसं.

टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनच्या खालचं चेंबरसुद्धा श्वास घेतंय. पिस्टन वर गेलं की तिथं ओढ तयार होते, खाली आलं की दाब. हा श्वास दोन्ही बाजूंच्या ऑइल सीलांवर टिकून असतो. मॅग्नेटच्या (डाव्या टोकाला वीज तयार करणारं चाक असतंय, त्या) बाजूचं सील गेलं तर तिथून कोरडी हवा आत ओढली जाते. पेट्रोल तेवढंच, हवा जादा. मग रेस रेंगाळते, स्लो जागेवर राहत नाही, चढाला इंजिन टिंगटिंगतंय आणि शेवटी पकडतंय. तुम्ही हेच सांगितलंय. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर गिअरबॉक्सचं ऑइल आत ओढलं जातं आणि पांढरा धूर थांबत नाही. तुम्ही तेपण सांगितलंय. एका वेळी दोन्ही सीलं का जावीत, हा प्रश्न मला पडलाय. नवीन होती म्हणताय.

आता क्रम. गिअर ऑइल काढा आणि मापा. किती घातलं होतं ते मेस्त्रीला विचारा. स्वच्छ पांढऱ्या ताटात काढा, लोहचुंबक फिरवा. चुंबकाला चिकटलं ते पोलाद, म्हणजे बेअरिंग किंवा गिअर. न चिकटणारी पांढरी चमक असली तर अॅल्युमिनियम. पण लक्षात ठेवा, पिस्टनचा कीस गिअर ऑइलात सापडणार नाही, दोन्ही घरं वेगळी.

मग प्लग काढा. पांढरा फटक आहे का, आणि पोर्सलिनवर मोहरीपेक्षा बारीक चमकणारे दाणे आहेत का ते भिंगाने बघा. दाणे असतील तर पिस्टन वितळायला लागलं होतं.

बेंड पाईप (सायलेन्सरची इंजिनाला लागलेली नळी) खोला. एक्झॉस्टच्या तोंडातून बॅटरी मारा आणि किक हाताने हळू दाबत पिस्टन वरखाली करा. ब्लॉक न उतरवता पिस्टनची अर्धी कुंडली इथंच वाचता येते. ओरखडे दिसतील. रिंग समोर आली की बांबूच्या काडीने दाबा. आत जाऊन बाहेर उसळली तर मोकळी, नाही उसळली तर खाचेत चिकटली.

आणि ओरखडे कुठं आहेत हे सगळ्यात महत्त्वाचं. मेस्त्री म्हणतात तसं पिस्टन घट्ट असतं तर पिस्टनच्या चार कोपऱ्यांवर, पिनेच्या दोन्ही अंगांना, चार पट्टे उमटतात. हवा जादा झाली, तापलं, तर एक्झॉस्टच्या बाजूला एकच रुंद पट्टा, फासल्यासारखा. ऑइलच मिळालं नसेल तर सगळीकडून कोरडं खरवडलेलं. ब्लॉक उतरला की फोटो टाका, मी सांगतो.

रॉडचं म्हणाल तर हेड काढा, पिस्टन वरच्या टोकाच्या जरा अलीकडे आणा आणि मॅग्नेट हाताने डावं-उजवं अगदी थोडं हलवा. मॅग्नेट हललं आणि पिस्टन थबकून मग हललं, तर मधे कुठंतरी ढिलाई आहे. ब्लॉक उतरवल्यावर रॉड सरळ वर ओढा आणि खाली दाबा. टक् झालं तर बिग एंड, म्हणजे रॉडचं खालचं बेअरिंग, गेला. बाजूला डुलला तर घाबरू नका, तेवढी मोकळीक ठेवलेलीच असते. इथंच कैक मेस्त्री गिऱ्हाइकाला घाबरवतात.

एक विचारायचं राहिलं. इंजिन बांधून आल्यावर हँडलला, फूटरेस्टला कंप वाढला होता का?

घोडबंदर_रायडर

मध्ये एक विचारतो. सायलेन्सर कंपनीचाच आहे ना? एअर फिल्टर काढून टाकलाय का? कार्ब्युरेटरचा मेन जेट कुणी बदललाय? आजकाल आवाजासाठी आतली नळी काढतात, जेट तोच ठेवतात आणि मग इंजिनाला दोष देतात. इंटेकचं रबरही बघा, तीस वर्षांचं असेल तर बोल्टाजवळ तडा असतो. वाकवल्याशिवाय दिसत नाही.

आलेवाला_मसूर

@घोडबंदर_रायडर, सायलेन्सर मूळचाच आहे, फिल्टर जागेवर आहे, जेटला हात लावलेला नाही. इंटेकचं रबर मेस्त्रींनी नवीन टाकलंय, वाकवून बघितलं, चांगलं आहे.

@उद्यमनगर_लेथ, कंपाचं तुम्ही विचारलंत आणि मी दोन मिनिटं गप्प बसलो. होय. पहिल्या दिवशी वडिलांना मागे बसवून शेतापर्यंत नेलं होतं. उतरताना म्हणाले होते, पायाला मुंग्या आल्या. मी म्हटलं, नवीन आहे, मोकळं होईल. माझ्याही डाव्या हाताला पन्नासच्या पुढे झिणझिण्या येत होत्या.

गिअर ऑइल काढलं. घातलं होतं ६५० मिली, निघालं ४८०. खाली कुठेही गळती नाही. चुंबकाला काजळासारखा थोडा थर आला, कण नाहीत. प्लग पांढरा, दोन दाणे चमकतायत. एक्झॉस्टमधून रुंद पट्टा दिसतोय, वरची रिंग काडीने दाबली तर एका बाजूला हलत नाही.

गेज_रूम_नाशिक

दादा, ब्लॉक उतरवण्याआधी एक दिवस थांबा. एकदा तो उतरला की गळती कुठून होती हे सिद्ध करायची संधी गेली. मी अंबड एमआयडीसीत गुणवत्ता विभागात आहे, लीक टेस्ट हे माझं रोजचं काम. घरी माझ्या भावाची आरएक्स आहे, तिला आम्ही हे केलंय.

लागणारं सामान घरचंच आहे. डॉक्टरांकडचं हाताने दाबायचं, काट्याच्या डायलचं बीपीचं यंत्र घ्या. त्याचा काटा ३०० पर्यंत (पाऱ्याचे मिलिमीटर) असतो, आणि ३०० म्हणजे जवळजवळ ५.८ पीएसआय, टायरची हवा मोजतात तेच एकक. टू-स्ट्रोकचं चेंबर तपासायला साधारण ६ पीएसआय लागतात, त्याहून जास्त द्यायचेच नाहीत, नाहीतर चांगल्या सीलचाही ओठ (शाफ्टला टेकणारी रबराची कड) उचलला जातो. म्हणजे हे यंत्र या कामासाठी पुरेपूर आहे.

एक्झॉस्टच्या तोंडावर जुन्या ट्यूबचा तुकडा आणि त्यावर पत्र्याची पट्टी बोल्टने आवळा. कार्ब्युरेटर काढून इंटेकच्या रबरात लाकडी बूच घट्ट बसवा, बुचातून सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह आरपार बसवा, त्याची आतली पिन काढून टाका आणि त्याला बीपीची नळी जोडा. ऑइल पंपाची नळी इंजिनात येते ते तोंडही बंद करा. प्लग जागेवर हवा. मग २८० पर्यंत फुगवा आणि घड्याळ लावा. चांगलं इंजिन पाच मिनिटं काटा जवळपास तिथेच धरतं. मिनिटाला ५० च्या आत उतरला तर लोक चालवून घेतात, मी घेत नाही.

काटा पडला तर शोधा. आधी तुमची स्वतःचीच जोडणी साबणाच्या पाण्याने तपासा, पहिली गळती बहुतेक वेळा बुचात असते. मग हेडची कड, ब्लॉकच्या खालचं पॅकिंग. मॅग्नेट पुलरने काढा (हातोडी-पटाशी लावू नका, शाफ्टचा आटा जातो) आणि त्या सीलवर साबणाचं पाणी सोडा. क्लचच्या बाजूचं सील दिसणार नाही, कारण कव्हर आहे. तिथे युक्ती अशी की गिअर ऑइल काढलेलंच आहे, ते भरायच्या तोंडावर साबणाचा पडदा धरा आणि गिअरबॉक्सचा ब्रीदर बोटाने दाबा. पडदा फुगायला लागला तर चेंबरची हवा गिअरबॉक्समध्ये जातेय.

आकडे लिहून ठेवा. किती वरून किती वर, किती सेकंदांत. मेस्त्रींशी बोलताना कागद उपयोगी पडतो.

उद्यमनगर_लेथ

ताई, बीपीच्या यंत्राचं मला माहीत नव्हतं. आम्ही सायकलच्या पंपाने अंदाजाने करत होतो. चांगलं सांगितलंत.

आलेवाला_मसूर

नऊ दिवसांनी लिहितोय. मध्ये आल्याला पाणी होतं.

बायको आरोग्य उपकेंद्रात एएनएम (परिचारिका) आहे. तिचं घरचं यंत्र घेतलं. पहिल्यांदा बूच गळलं, ताईंनी म्हटल्याप्रमाणेच. त्याला ट्यूबची पट्टी गुंडाळली. मग २८० वरून १०० वर यायला २२ सेकंद लागले. तीन वेळा केलं, २२, २१, २२. हेडला, पॅकिंगला काही नाही. मॅग्नेट काढलं तर मागचा पत्रा तेलकट धुळीने काळा झालेला, आणि साबणाचं पाणी सोडताच सीलच्या खालच्या अंगाने फेस आला, अगदी उकळी फुटल्यासारखा. गिअरबॉक्सच्या तोंडावरचा पडदाही फुगला, पण सावकाश.

मग ब्लॉक उतरवला. पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूला दोन बोटं रुंद पट्टा, इंटेकची बाजू जवळपास कोरी. चार कोपऱ्यांवर काही नाही. रॉड वर ओढला, खाली दाबला, टक् नाही. ते ऐकून खरंच जीव भांड्यात पडला. मॅग्नेटकडचा शाफ्ट वरखाली केला तर अगदी किंचित हलला, आणि हाताने फिरवताना एका जागी वाळूवर फिरल्यासारखं लागतं.

चेंबर मेस्त्रींकडेच फोडला, मी शेजारी बसलो. डावं सील हातात घेतलं तर त्याचा ओठ एका बाजूने घासून पातळ झालेला, दुसऱ्या बाजूने नवीनसारखा. ६४० किलोमीटरमध्ये. आता?

उद्यमनगर_लेथ

आता तुमचा कंप बोलायला लागला. सील एकाच अंगाने घासतंय याचा अर्थ शाफ्ट मधोमध फिरत नाही. आरएक्सचा क्रँक एका तुकड्याचा नसतोय. दोन अर्धे गोल मधल्या पिनेवर दाबून बसवलेले असतात. रॉड बदलायला ते उघडायचे, नवीन पीन घालून पुन्हा दाबायचे, आणि दाबल्यावर दोन्ही शाफ्ट एका रेषेत आणायचे. दाबणं पाच मिनिटांचं काम, रेषेत आणणं एखाद्या वेळी दीड तासाचं. पुष्कळ ठिकाणी पट्टी लावून डोळ्याने बघतात आणि देऊन टाकतात.

क्रँक व्ही-ब्लॉकवर ठेवायचा, दोन्ही टोकांना डायल लावायचा आणि सावकाश फिरवायचा. काटा ०.०३ मिलिमीटरच्या आत हलला पाहिजे. आमच्या भाषेत एक थाऊ, सव्वा थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). ज्याच्याकडे डायल नाही त्याच्याकडे क्रँक देऊ नका, कितीही जुना माणूस असू दे.

दुसरं, ब्लॉक लगेच बोअरला देऊ नका. हे मी बोअरिंगवाला असून सांगतोय. ही गाडी १९८५ ते १९९६ एवढीच निघाली. मापं चार, ०.२५ पासून १.०० पर्यंत, पुढं लायनर (ब्लॉकच्या आतली बिडाची, म्हणजे कास्ट आयर्नची नळी) बदलायचा. एक माप वाया घालवणं म्हणजे ब्लॉकचं चौथाई आयुष्य घालवणं. लायनरवर जो रुपेरी थर दिसतोय ते बहुतेक पिस्टनचंच अॅल्युमिनियम असतंय, लायनरला जखम झालेली नसते. कॉस्टिक सोड्याचं पातळ पाणी काडीला कापूस बांधून फक्त त्या थरावर लावा. सोडा अॅल्युमिनियम खातो, बीड खात नाही. त्यामुळं फिन्सवर, पोर्टच्या बाहेर थेंबपण जाता कामा नये. हातमोजे, डोळ्याला चष्मा, जागा उघडी. बुडबुडे थांबले की थर गेला. भरपूर पाण्याने धुवा, पुसा, ऑइल लावा. मग नखाने बघा. नख अडकलं तर बोअर, नाही अडकलं तर हलकं होनिंग (दगडाने आतून बारीक घासणं) करून माप घ्या.

पोर्टच्या कडांवर बोट फिरवा. धार लागली तर बोअर केल्यावर कडा मारलेल्या नाहीत, रिंग तिथंच अडखळते. ते आता करून घ्या.

आलेवाला_मसूर

शेवटचं कळवतो, कारण पुढे कुणाला उपयोग होईल.

क्रँक कराडला डायल असलेल्या माणसाकडे नेला. मॅग्नेटच्या बाजूला ०.१४, क्लचच्या बाजूला ०.०९. मेस्त्रींना सोबत नेलं होतं, त्यांनी काटा स्वतः बघितला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, दुसऱ्या मजुरीचं नाव काढू नका. त्या माणसाने तांब्याच्या हातोडीने आणि पाचरीने तासाभरात ०.०२ आणि ०.०२ वर आणला. बघत राहावं असं काम होतं. एक ठोका, मग फिरवून बघणं, मग पुन्हा एक ठोका.

लायनरचा थर सोड्याने गेला. बुडबुडे थांबायला तीन वेळा कापूस बदलावा लागला. नख अडकलं नाही. होनिंगनंतर माप वर ५०.५० मिलिमीटर, खाली ५०.५१. जुनं पिस्टन खाली ५०.३९ भरलं, म्हणजे तापून दबलं होतं. थंड असतानाची कड-कड ही त्याचीच, रॉडची नव्हतीच. शिटी डाव्या बेअरिंगची. नवीन पिस्टन त्याच मापाचं, ०.५० चं, ५०.४६ भरलं, म्हणजे मिलिमीटरच्या चार-पाच शतांशांची मोकळीक. पोर्टच्या कडा खरोखर धारदार होत्या, त्या मारून घेतल्या. दोन्ही बेअरिंगं, दोन्ही सीलं पुन्हा नवीन. सील बसवताना शाफ्टच्या चावीच्या खाचेवर टेप लावला, ओठाला ऑइल लावलं.

सुरू करण्याआधी पुन्हा बीपीचं यंत्र लावलं. पाच मिनिटांत २८० वरून २७२.

आज ४१० किलोमीटर झाले. प्लग विटकरी-तपकिरी. अॅक्सिलरेटर सोडला की रेस लगेच खाली येते. गिअर ऑइल काल मुद्दाम काढून मापलं, ६५० घातलं होतं, ६४० निघालं, दहा मिली कव्हरला चिकटलं असेल. रविवारी वडिलांना मागे बसवून उंब्रजला नेलं, त्यांच्या शाळेच्या फाटकापर्यंत. येताना त्यांनी पाय फूटरेस्टवरून उचलले नाहीत.

दिवाळीनंतर बहिणीकडे जायचंय, त्याच घाटाने. तोपर्यंत आठशे होतील. चढाला काही वेगळं सांभाळू का?

उद्यमनगर_लेथ

आठशेला काही अडचण नाही. चढाला तिसरा ओढायला लागला की दुसरा टाका, उगाच वरच्या गिअरला रेटू नका. आणि लोक विसरतात ते उताराचं. अॅक्सिलरेटर बंद ठेवून इंजिनवर गाडी सोडली की पंप ऑइल अगदी कमी देतोय आणि इंजिन मात्र जोरात फिरत असतंय. कुंभार्ली उतरताना दर वळणानंतर क्लच दाबून एकदा रेस द्या. पोफळीला खाली थांबा, चहा घ्या, प्लग काढून बघा. रंग आजच्यासारखाच असला तर सरळ चिपळूण.

वडिलांना माझा नमस्कार सांगा.